शेवटचा आकडा

"आज पाणी सोडणार आहात का गं?" अण्णांनी विचारलं.

ते विश्रामगृहाच्या पायरीवर उभे होते. खांद्यावर पंचा, हातात तांब्या, आणि बंडीच्या खिशात श्रवणयंत्राची डबी. डबीतून निघालेली वायर त्यांच्या डाव्या कानापर्यंत गेली होती. उजवा कान लहानपणीच्या विषमज्वरात गेला होता आणि डावा, शाळेतून निवृत्त झाल्यापासून, थोडा थोडा जात होता.

"नाही, अण्णा," मी मोठ्याने म्हटलं. "आज फक्त सराव आहे. दरवाजे बंदच राहणार."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली, कानातलं बोंड काढलं, वायर डबीभोवती नीट गुंडाळली आणि डबी माझ्या हातात दिली. "तुझ्याजवळ राहू दे. परवा खडकावर ठेवली तर माकड टपून बसलं होतं. बहिऱ्याला माकडाने लुटलं म्हणून गावभर होईल."

मी डबी पर्समध्ये टाकली. खाली जीपचा हॉर्न वाजला. आमचा ड्रायव्हर हसन मुजावर खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "गुरुजी, चला की! सगळ्या गावाच्या गाड्या उतरल्या म्हणजे आपल्याला गाळच मिळायचा धुवायला!"

अण्णांना त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं, पण मुजावरचे हातवारे त्यांना पुरेसे होते. ते हसले आणि जपून पायऱ्या उतरले.

ही त्र्याहत्तर सालातली खंडेनवमी. आदल्या वर्षी दुष्काळात तलावाच्या कोरड्या तळाला भेगा पडल्या होत्या. या वर्षी ते काठोकाठ भरलं होतं. मुंबईच्या आमच्या संस्थेने धरणाचे पाच दरवाजे हलवण्यासाठी एक कॉम्प्युटर तयार केला होता आणि त्याचा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी सव्वीस वर्षांची, अविवाहित. धरणाच्या वसाहतीत एकटी मुलगी कशी राहणार, म्हणून आईने अट घातली आणि अण्णा, माझे वडील, सोबतीला आले. त्यांना ते आवडलं होतं. रोज सकाळी ते धरणाच्या खाली नदीत उतरायचे. पात्राच्या मधोमध एक सपाट खडक होता, त्याच्या कडेने घोटाभर पाणी वाहायचं. तिथे अंघोळ करून ते बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसत.

"तुझी नदी कॉम्प्युटरमध्ये," ते म्हणायचे, "आणि माझी ही."

नियंत्रण कक्ष टेकडीवर होता. कॉम्प्युटरला थंडावा लागे, म्हणून खोलीला खिडक्या नव्हत्या आणि दोन एअरकंडिशनर अखंड घरघरत असत. आत शिरलं की धरण दिसत नसे, ऐकूही येत नसे. दिसायचे फक्त आकडे.

दारातच शेलारांनी मला अडवलं. बाबूराव शेलार आमचे ऑपरेटर, पन्नाशीचे. दरवाजे हातचाकाने फिरवायचे तेव्हापासून धरणावर होते. "बाई, चपला भाईर. कपाटाची पूजा चाललीय."

कॉम्प्युटर चार लोखंडी कपाटांत मावला होता, म्हणून सगळे त्याला कपाटच म्हणत. शेलारांनी चारही कपाटांना हळदकुंकवाची बोटं ओढली होती. दर्शनी भागावर खटक्यांची जी रांग होती, तिच्यातल्या एकेका खटक्यालासुद्धा कुंकू लावलं होतं. टेप वाचायच्या यंत्रावर झेंडूचा हार होता. दरवाजांचे दांडे असलेल्या आमच्या मोठ्या टेबलाच्या वरच्या कडेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मनगटाएवढा जाड हार सोडला होता.

"नारळ कुठे फोडू?" शेलारांनी विचारलं.

"इथे मुळीच नाही. पाण्याचा थेंब नको जवळ."

"मग भाईर फोडतो आणि कपाटाला खोबरं दावतो. उपाशी ठेवलं तर उद्या रुसायचं."

देवस्थळी सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हसत होते. ते या कामाचे प्रमुख. उंच, सावकाश बोलणारे. दसऱ्याच्या दिवशी मुख्य अभियंता कॉम्प्युटर पाहायला येणार होते आणि सर दोन दिवस नीट झोपले नव्हते.

"मिस आठल्ये," ते म्हणाले, "तुमची नवी टेप लावून टाकू या."

ही टेप म्हणजे काय ते सांगायला हवं. टेबलाचे दोन उपयोग होते. एक म्हणजे खरं काम: ऑपरेटरने दांडा सरकवला की कॉम्प्युटर धरणाचा खरा दरवाजा उचलायचा. दुसरा सराव: दांडे तेच, आकडे तसेच, पण दरवाजे हलायचे नाहीत. पाण्याची पातळी किती उतरली, खाली किती पाणी गेलं, हे कॉम्प्युटर स्वतः हिशेब करून दाखवायचा. सरावातली नदी मी लिहिली होती. सराव सुरू होताना ती त्या क्षणाची खरी पातळी उचलून घ्यायची आणि मग आपल्या वाटेने जायची.

तिच्यात एक उणीव होती. खऱ्या तलावावर वारा असतो, तरंग असतात. पातळीचा शेवटचा आकडा कधीच स्वस्थ बसत नाही. माझ्या नदीचा आकडा मात्र गुळगुळीत उतरायचा. ती थरथर मला घालता आली असती, पण कॉम्प्युटरला सगळा हिशेब सेकंदाच्या दहाव्या भागात संपवावा लागे. तेवढ्यात संपला नाही तर पुढचा हिशेब चुकीच्या वेळी सुरू होई. थरथरीला वेळच उरत नव्हता. महिनाभर इथली तिथली ओळ कापून मी अखेर जागा काढली होती. तो बदललेला प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर उतरवला होता; तीच ही नवी टेप, माझ्या खणात तयार होती.

"आज टेप न्हाई, साहेब," शेलार म्हणाले.

"का?"

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. हार बघा की त्याच्यावर. उद्या सीमोल्लंघन झालं की लावा काय ती."

"अहो, मग कॉम्प्युटर तरी कसा चालवायचा?"

"तो चालूच हाय. कुठं आपण चालू केला?" शेलारांनी साळसूदपणे विचारलं. "आणि सराव म्हंजे काय काम न्हवं. सराव म्हंजे खेळ."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मलाही त्या दिवशी टेप लावायची नव्हती. नवा प्रोग्रॅम पाहुण्यांच्या आदल्या दिवशी घालणं मला धोक्याचं वाटत होतं.

"बरं. जुन्या नदीवरच करू," सर म्हणाले.

ते टेबलाशी आले. टेबलाच्या वरच्या कडेला एक लाल दिवा होता. तो लागलेला असला तर टेबल खऱ्या दरवाजांना जोडलेलं. विझलेला असला तर सराव. सुरुवात करण्याआधी सर नेहमी तिकडे बघून मोठ्याने म्हणत. तसंच ते त्या दिवशीही म्हणाले, "लाल दिवा नाही. सराव."

"सराव," शेलारांनी आणि मी म्हटलं.

शेलारांनी दांडे एकेक करून पुढे सरकवले. "पाच्ही दरवाजे, बाई?"

"पाचही. मीटर मीटर."

दरवाजांचे आकडे चढू लागले. प्रोग्रॅम दरवाजा वीतभर उचलायचा, थोडं थांबायचा, पुन्हा वीतभर. ते थांबणं मी मुद्दाम घातलं होतं, दरवाजे ओढणाऱ्या जुन्या होइस्टना हिसका बसू नये म्हणून. सर घड्याळाकडे बघत उद्याच्या भाषणातली वाक्यं पुटपुटत होते. शेलार तोंडात सुपारी घोळवत होते. "साहेब, पाव्हण्यांना सांगा, आमचं कपाट शाकाहारी हाय, नुसत्या खोबऱ्यावर चालतं."

मी हसले. आणि हसता हसता पातळीकडे पाहिलं.

शेवटचा आकडा नऊ होता. मग आठ झाला. मग नऊ. आठ. पुन्हा आठ. नऊ.

प्रोग्रॅममध्ये चूक झाली, हा माझा पहिला विचार. कुठेतरी बेरजेत काही राहून गेलं असेल. मी पुढे वाकले. आकडा पुन्हा हलला. त्याला काही लय नव्हती. चूक अशी नसते. चुकीला लय असते.

मग वाटलं, मला न सांगता कुणी टेप लावली. मी टेपच्या यंत्राकडे पाहिलं. हार जसाच्या तसा होता, वरचं कुंकूसुद्धा विस्कटलं नव्हतं. मी खण उघडला. टेप आत होती, गुंडाळलेली, माझ्याच रबरबँडमध्ये.

नऊ. आठ. नऊ.

माझ्या नदीला हे येत नव्हतं. ते शिकवायलाच मला महिना लागला होता आणि ते शिक्षण अजून खणात होतं.

मी उठले. टेबलाच्या वरच्या कडेशी जाऊन मी झेंडूचा हार बाजूला केला. त्याच्यामागे दिवा लागलेला होता. त्याला टेकलेली तीन-चार फुलं उबेने कोमेजून मऊ झाली होती.

"सर," मी म्हटलं. "सर, हे खरं आहे."

"काय खरं?"

मी हार धरून तशीच उभी राहिले. सरांनी दिवा पाहिला. शेलारांनी पाहिला. त्यांचं तोंड हलायचं थांबलं.

आदल्या संध्याकाळी होइस्टच्या मिस्त्रींनी तिसरा दरवाजा कॉम्प्युटरवरून उचलून पाहिला होता. नंतर टेबल परत सरावावर आणायची किल्ली फिरवायची राहिली होती. हे आम्हाला दुपारी कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळत होतं की पाचही दरवाजे जवळजवळ मीटरभर वर आहेत, आणि सायरन वाजलेला नाही, कारण सरावात सायरन वाजवत नाहीत.

सर कॉम्प्युटर बंद करायच्या बटणाकडे धावले.

"नको!" मी ओरडले. "बंद केला तर दरवाजे आहेत तिथेच राहतील. शेलार, खाली घ्या. सगळे खाली."

शेलारांनी दोन्ही हातांनी दांडे मागे ओढले. "आई वाघजाई," ते म्हणाले. सरांनी सायरनची काच फोडली आणि मूठ फिरवली. बाहेर टेकडीवर सायरन सुरू झाला असणार. आत तो कुठे लांब डास गुणगुणावा तेवढाच येत होता.

"खाली माणसं आहेत," सर म्हणाले. "आज सगळं गाव नदीत असणार. बैल, गाड्या..."

"ऐकतील साहेब, भोंगा ऐकतील. पळतील."

"अण्णा खाली आहेत," मी म्हटलं.

"तेही ऐकतील," सर म्हणाले. "मिस आठल्ये, धीर धरा. सायरन ऐकून—"

मी पर्स उघडली आणि डबी काढून त्यांच्यापुढे धरली. वायर अजून नीट गुंडाळलेली होती. शेलार दांडे धरून माझ्या हाताकडे बघत होते.

"गुरुजींचं मशीन," ते एवढंच म्हणाले.

दरवाजांचे आकडे उतरायला लागले होते. वीतभर. थांबले. वीतभर. थांबले. मीच लिहिलेलं थांबणं. मी मनात हिशेब केला. तेवढं मला येत होतं. असेच उतरत राहिले तर पूर्ण बंद व्हायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात खडकावर पुरुषभर पाणी चढलं असतं. मी धावत गेले असते तरी पाणी माझ्या आधी पोहोचलं असतं. विश्रामगृहावर फोन उचलायला कुणी नव्हतं. सुट्टी होती.

"थांबा कमी करता येईल," मी म्हटलं.

"काय?"

"मधला थांबा. एकाच जागी लिहिलेला आकडा आहे. तो बदलला तर दरवाजे न थांबता उतरतील."

"टेप लावावी लागेल."

"नाही. खटक्यांनी. हाताने."

कपाटाच्या दर्शनी भागावर खटक्यांची जी रांग होती तिच्यातून स्मृतीतल्या कुठल्याही जागी एखादा आकडा घालता येत असे. त्यासाठी कॉम्प्युटर क्षणभर थांबवावा लागे, जागेचा क्रमांक लावावा लागे, मग आकडा. संस्थेत चाचणीच्या वेळी मी ते शेकडो वेळा केलं होतं. त्या वेळी त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच नसायचं.

"एक खटका चुकला तर?" सरांनी विचारलं.

"तर दुसरीच कुठली तरी ओळ बदलेल. दरवाजे कुठेही जातील."

एअरकंडिशनर घरघरत होते. सर माझ्याकडे बघत होते. ते 'करा' म्हणाले नाहीत आणि 'नको'ही म्हणाले नाहीत. ते कपाटाशी येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. "तुम्ही लावा. मी मोठ्याने वाचतो. दोघांचं जुळलं तरच पुढे."

मी कॉम्प्युटर थांबवला.

कपाटावरचे लुकलुकणारे दिवे जागच्या जागी गोठले. दरवाजे होते तिथे अडकले. शेलारांनी श्वास ओढला तो मला ऐकू आला. आता माझ्या बोटांखेरीज धरणाला दुसरा मालक नव्हता.

पहिला खटका वर केला आणि बोट घसरलं. खटक्यांवर कुंकू होतं. बोटाची लाली पुढच्या खटक्याला लागली, आणि कुठला मी वर केला आणि कुठला कुंकवामुळे तसा दिसतोय हे कळेना. मी पदराने रांग पुसली, बोटं पुसली. पुसताना दोन खटके पडले. सगळे पाडले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"खाली," सर वाचू लागले. "वर. वर. खाली. खाली... हा कुठला?"

"वर."

"तुम्ही खाली ठेवलाय."

मी तो वर केला. जागेचा क्रमांक पुरा झाला. मग आकडा. माझ्या डोळ्यांपुढे सपाट खडक होता, त्यावर पंचा, तांब्या आणि पाण्यात सोडलेले दोन पांढरे पाय. मी दात आवळून फक्त खटके बघत राहिले.

"वर," सर म्हणाले. "बाकी सगळे खाली. जुळलं."

"जुळलं."

"मिस आठल्ये, पुन्हा एकदा वाचू?"

"नको."

मी आकडा आत घातला आणि कॉम्प्युटर सुरू केला. दिवे पळाले. सगळे टेबलाकडे वळलो. पहिल्या दरवाजाचा आकडा उतरला, थांबण्याची वेळ आली, आणि तो थांबला नाही. उतरतच राहिला. दुसरा. तिसरा. टेकडीपलीकडून कसलासा घुमणारा आवाज जमिनीतून तळपायांना जाणवला; जुने होइस्ट न थांबता फिरत होते.

"उतरले," शेलार म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "बाई, तुम्ही जावा. जावा. मी दांडे धरतो."

पायवाट कोरड्या गवतातून उतरत होती. मी चपला न घालताच पळाले. सायरन आता कानठळ्या बसवत होता आणि अर्ध्या वाटेत तो एकदम बंद झाला. मग मला पाण्याचा आवाज आला.

वळणावरून नदी दिसली. ती माझ्या ओळखीची नव्हती. तांबूस, रुंद, मधून फेस वाहत असलेली. पात्रातले सगळे खडक गेले होते. पलीकडच्या काठावर बायका, पोरं, बैल उंच चढून उभे होते आणि कुणीतरी हंबरडा फोडून सांगत होतं की नांगर वाहून गेला. एक सायकल चाक वर करून तरंगत गेली. मी मधला सपाट खडक शोधत होते. तो जिथे असायला हवा होता तिथे पाण्याला फक्त एक फुगवटा होता.

मी हाक मारली नाही. हाक मारून काय उपयोग, हे मला तेव्हाही आठवत होतं.

आमची जीप काठालगत तिरकी उभी होती, पुढची चाकं पाण्यात, बॉनेटवर झेंडूचा हार. तिच्यापलीकडे करंजाच्या झाडाखाली मुजावर चिखलात बसला होता. त्याचा सदरा फाटला होता. आणि त्याच्या शेजारी, धोतर अंगाला चिकटलेलं, पंचा नाही, तांब्या नाही, अण्णा. ते रागावलेले होते.

"कुंदे!" मला पाहून ते म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "या हसनला काहीतरी सांग. मला बकोटीला धरून फरफटत आणलं याने. तांब्या गेला माझा!"

मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले. त्यांचे पाय धरले. ते गार होते, खरचटलेले होते आणि हलत होते.

"बाई, भोंगा झाला तसा मी वर पळालो," मुजावर धापा टाकत म्हणाला. "मागं बघतो तर गुरुजी बसलेलेच. हाका मारल्या, दगड मारले पाण्यात. हात करतात, जा म्हणून. तसाच परत आत गेलो. पाणी कंबरंला लागलं होतं त्यांच्या, तरी उठंनात. धरून ओढलं तर माझ्याशीच भांडतात."

"भांडतात? काय म्हणून?"

मुजावरने अण्णांकडे पाहिलं, मग खाली. "म्हणत होते, वर कुठं पाऊस झाला असंल, वसरंल. म्हणत होते, धरणाचं पाणी न्हवं हे. कुंदानं सांगितलंय, दरवाजे बंद राहणार."

अण्णा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. "काय सांगतोय तो? कुंदे, पाणी कुठून आलं?"

"अण्णा—"

"ऐकू येत नाही. डबी दे."

मी मूठ उघडली. डबी टेकडीपासून माझ्या मुठीतच होती. तिच्यावर माझ्या बोटांचं कुंकू लागलं होतं. ते हात पंच्याला पुसायला गेले, पंचा नव्हता, म्हणून त्यांनी ते माझ्या पदराला पुसले. सावकाश वायर सोडली. बोंड कानात बसवलं, डबीचं चाक फिरवलं. किंचित शिटी वाजली आणि थांबली.

"हं," ते म्हणाले. "आता सांग."

"धरणाचं पाणी होतं, अण्णा. दरवाजे उघडले होते."

"कुणी?"

"आम्ही. आम्हाला वाटलं, सराव आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. नदी आता उतरत होती. करंजाच्या मुळांशी ओल्या चिखलाची एक रेघ उघडी पडत होती. शाळेत एखाद्या मुलाने चुकीचं उत्तर अगदी ठाम दिलं की ते असेच बघायचे. रागाने नाही, तर हे उत्तर याला कसं सुचलं असेल याचा विचार करत.

"असं होय," ते म्हणाले. मग मुजावरकडे वळले आणि त्याच्या फाटक्या सदऱ्याची बाही चाचपून बघू लागले. "हसन, बाबा, माझंच चुकलं. तुला नखं लागली का रे माझी?"

दसऱ्याला मुख्य अभियंता आले. हार काढलेले होते, लाल दिव्याशेजारी मिस्त्रींनी रात्रीतून एक घंटा बसवली होती. झालेला प्रकार सरांनी त्यांना आधीच सांगितला होता, सगळा, काही न लपवता. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. तरी सराव त्यांना पाहायचाच होता. शेलारांनी दांडे सरकवले. पातळी उतरू लागली, एकसारखी, लोण्यात सुरी उतरावी तशी.

"छान आहे," मुख्य अभियंता म्हणाले, "पण पाणी जरा जास्तच गुळगुळीत नाही का वाटत? खऱ्यासारखं करता येणार नाही?"

टेप माझ्या खणात होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"येईल," ते म्हणाले. "पण ते तसंच ठेवलंय."

अण्णांना त्या दिवशी थोडा ताप होता. त्याच्या पुढच्या दिवशी मी निघायच्या वेळी ते विश्रामगृहाच्या पायरीवर उभे होते. नवा पंचा खांद्यावर, हातात विश्रामगृहातला अॅल्युमिनियमचा लोटा, डबी खिशात, वायर कानात.

"आज पाणी सोडणार आहात का गं?"

त्या दिवशी कसलंच काम नव्हतं. होइस्टची वीज तोडलेली होती. किल्ली सरांच्या खिशात होती. मी स्वतः पाहिलं होतं. मी तोंड उघडलं.

"माहीत नाही, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मी आणखी काही म्हणते का म्हणून. मग मान हलवली.

"बरं," ते म्हणाले, आणि लोटा घेऊन आत न्हाणीघराकडे वळले. कानातलं बोंड त्यांनी काढलं नाही.